अर्थावाचून प्रयोजन : इंटरनेटवरील गूढ शब्दावळींचा इतिहास

१

५ ऑगस्ट १९९६ रोजी यूजनेट या संगणकीय चर्चाव्यवस्थेतील निरनिराळ्या गटांत शेकडो संदेश येऊन पडले. त्यांच्या शीर्षस्थानी तीन शब्द होते : 'मार्कोव्हियन पॅरलॅक्स डेनिग्रेट'. पहिला शब्द रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह याच्या नावावरून बनलेले विशेषण, दुसरा पराशय या खगोलशास्त्रीय संकल्पनेचा वाचक, तिसरा 'हीन लेखणे' या अर्थाचे क्रियापद. शीर्षकाखाली इंग्रजी शब्दांची एक लांबलचक रांग होती. 'जिटरबगिंग' हा नृत्यप्रकार, मॅकिन्ले हे एका अमेरिकन अध्यक्षाचे आडनाव, 'न्यूटोनियन', 'युरेनस', 'मॉर्फिन', 'नॅपकिन', 'रेफ्रिजरेट', 'इयरबुक' असे खरेखुरे, शब्दकोशात सापडणारे शब्द एकामागून एक मांडलेले होते. त्यांत विरामचिन्ह नव्हते, वाक्य नव्हते, विकण्याची वस्तू नव्हती, कोणास शिवी नव्हती, कोणत्याही धर्माचा अथवा पक्षाचा प्रचार नव्हता.

त्या वेळी या संदेशांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. यूजनेटवर नको असलेला मजकूर येणे ही तोवर नित्याची बाब झाली होती. परंतु पुढील काळात या तीन शब्दांभोवती एक वाङ्मयच तयार झाले. कोणी त्यात हेरखात्याचा सांकेतिक निरोप पाहिला, कोणी एखाद्या संगणकीय प्रयोगाचा अवशेष पाहिला. संदेशाच्या प्रेषकस्थानी आढळलेले नाव पुढे गाजलेल्या एका खटल्यातील व्यक्तीच्या नावाशी जुळते, असेही कोणाच्या ध्यानात आले. २०१२ साली या साऱ्या प्रकाराची वृत्तपत्रीय चौकशी झाली. तथापि नामसाम्यापलीकडे त्या तर्काला आधार मिळाला नाही. प्रेषकाचा पत्ता बनावट घालणे त्या काळी फारसे अवघड नव्हते. संदेश कोणी पाठविले आणि का पाठविले, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

ही केवळ संगणकतज्ज्ञांच्या कुतूहलाची गोष्ट असती तर साहित्यविचाराच्या नियतकालिकात तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु येथे संहिता आहे, वाचक आहे, अर्थनिर्णयनाचा दीर्घ इतिहास आहे; नाही तो केवळ अर्थ. अशा संहितेशी वाचकाने काय करावे, हा प्रश्न समीक्षेच्या अधिकारातला आहे. आणि गेल्या काही वर्षांत अशाच शब्दावळी संशोधनपत्रिकांच्या पानांत शिरल्या असल्याने तो आता आपल्या घरातलाही झाला आहे. या शब्दावळींचा क्रम लावणे आणि त्यांच्या वाचनासाठी काही संकल्पना सुचविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आरंभी 'निरर्थक' या शब्दाची थोडी तपासणी करावयास हवी. आपण तो सैलपणे वापरतो. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादातील पराभवाची बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांतील एकमेकांलगतची तीन येथे उपयोगी पडतात. केवळ वर्णांची रांग उच्चारणे, ज्यातून कोणताही शब्द सिद्ध होत नाही, ते 'निरर्थक'. तीनदा सांगूनही सभेला व प्रतिवाद्याला जे कळत नाही, ते 'अविज्ञातार्थ'. आणि ज्यातील प्रत्येक पदाला अर्थ आहे, परंतु पदांचा परस्परांशी अन्वयच लागत नाही, ते 'अपार्थक'. या तिसऱ्याचे परंपरेतील उदाहरण डाळिंबे, अपूप, कुंड आणि बकऱ्याचे कातडे यांच्या यादीचे आहे. पतंजलीच्या महाभाष्यातही ते येते. वस्तू सगळ्या ओळखीच्या, पण त्या एकत्र येऊन काहीच सांगत नाहीत. १९९६ची शब्दावळ या यादीच्या शेजारी सहज बसते. डाळिंबाच्या जागी नॅपकिन आला, एवढाच काय तो फरक.

तिघांतील भेद सूक्ष्म वाटला तरी वाचकाच्या वर्तनावर त्याचा मोठा परिणाम होतो. निरर्थकापुढे वाचक थांबत नाही. तो गोंगाट समजून पुढे जातो. अपार्थकापुढे मात्र तो अडखळतो, कारण प्रत्येक पद त्याला अर्थाचे आश्वासन देते. वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी यांची गरज असते, असे आपले शास्त्र सांगते. या शब्दावळीत केवळ संनिधी आहे. पदे शेजारी आहेत. त्यांना एकमेकांची अपेक्षा नाही. परंतु शेजार दिसला की वाचक नाते शोधू लागतो. त्याला ते सापडले नाही म्हणजे दोष संहितेचा न मानता स्वतःच्या अज्ञानाचा मानण्याकडे त्याचा कल असतो. अशा रीतीने तो अपार्थकाला अविज्ञातार्थ ठरवितो. 'अर्थ नाही' याऐवजी 'अर्थ लपविलेला आहे' असे तो म्हणू लागतो. गूढाचा जन्म या संक्रमणात होतो.

हे संक्रमण नेहमीच चुकीचे असते असे नाही. महानुभावांच्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या होत्या आणि पंथाबाहेरील वाचकाला त्या शतकानुशतके दुर्गम राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या काळात त्यांची उकल झाली आणि मराठी गद्याचा इतिहासच बदलला. तेथे 'अर्थ लपविलेला आहे' हा तर्क पूर्णतः खरा ठरला. मात्र तो खरा ठरण्याची कारणे होती. वर्णांच्या अदलाबदलीला निश्चित नियम होता, पोथ्या अनेक होत्या, आणि ती लिपी वाचणारा जिवंत समुदाय अस्तित्वात होता. १९९६च्या शब्दावळीच्या बाबतीत या तीनपैकी एकही आधार उपलब्ध नाही. मर्ढेकरांच्या कवितेवर झालेल्या दुर्बोधतेच्या आरोपाशीही याची गल्लत करून चालणार नाही. दुर्बोध कवितेत अन्वय असतो, तो लावणे कठीण असते. येथे तो मुळातच योजिलेला दिसत नाही.

३

या शब्दावळीची पूर्वपीठिका दुहेरी आहे. एक धागा बाजाराचा आणि दुसरा गणिताचा.

'स्पॅम' हे मूळचे हॉर्मेल या अमेरिकन कंपनीने १९३७ साली बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचे नाव. १९७० साली मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीच्या एका दूरचित्रवाणी प्रहसनात उपाहारगृहातील जवळजवळ प्रत्येक पदार्थात हेच मांस येते आणि त्या एका शब्दाच्या घोषात सगळे संभाषण बुडून जाते. संगणकजालावरील लोकांनी हा शब्द उचलला तो या बुडण्यासाठी. मांसाशी त्याचा संबंध उरला नाही. पुनरुक्तीने संवाद गुदमरणे, हा त्याचा लक्ष्यार्थ रूढ झाला. घटना मात्र नावाच्या आधीची आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्री अधिकाऱ्याने आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी पाठविली. १२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या सोडतीसंबंधीची जाहिरात यूजनेटच्या हजारो गटांत टाकली, तेव्हा या प्रकाराने उद्योगाचे रूप घेतले. त्याला उत्तर म्हणून यूजनेटवरील स्वयंसेवकांनी तोच तो मजकूर अनेक गटांत आढळल्यास तो मोजून रद्द करण्याच्या पद्धती बसविल्या. येथे प्रथमच संदेश आणि वाचक यांच्या मध्ये एक यांत्रिक द्वारपाल उभा राहिला. पुढील सर्व इतिहास या द्वारपालाच्या संदर्भात वाचावा लागतो.

दुसरा धागा याहून जुना आहे. १९१३ साली मार्कोव्हने पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातील आरंभीची २०,००० अक्षरे घेतली, विरामचिन्हे व शब्दांतील अंतरे काढून टाकली आणि स्वर व व्यंजने यांची मोजणी केली. स्वर ८,६३८ भरले आणि व्यंजने ११,३६२. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते, तर व्यंजनानंतर स्वर येण्याचे सुमारे ६६ टक्के. म्हणजे पुढील अक्षर काय असेल हे आधीच्या अक्षरावर अवलंबून असते, आणि हे अवलंबन संख्येत मांडता येते. या उद्योगामागे वाङ्मयीन कुतूहल नव्हते. परस्परावलंबी घटनांनाही संभाव्यतेचे मोठ्या संख्यांविषयीचे नियम लागू पडतात, हे त्याला प्रतिस्पर्धी गणिती नेक्रासोव्हच्या विरोधात सिद्ध करावयाचे होते. नेक्रासोव्हने या वादात मानवी इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न गोवला होता. काव्याचा अर्थ बाजूस सारून त्याच्या अक्षरांची मोजणी करण्याचा हा प्रसंग साहित्याच्या इतिहासात नोंदविण्याजोगा आहे, तो यासाठी की येथे संहिता प्रथमच वाचकाविना वाचली गेली.

१९४८ साली क्लॉड शॅननने आपल्या सुप्रसिद्ध प्रबंधात हीच पद्धत उलटी फिरविली. मोजणी करण्याऐवजी तिने मजकूर निर्माण केला. एक शब्द घ्यावा, पुस्तक दुसरीकडे उघडून तो शब्द पुन्हा भेटेपर्यंत वाचावे, त्याच्या पुढचा शब्द टिपावा, आणि असेच पुढे जावे. अशा कृतीतून इंग्रजीसारखे भासणारे वाक्खंड तयार होतात. १९८४च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतील मंडळींनी या तत्त्वावर चालणारा एक कार्यक्रम रचला आणि त्याला 'मार्क व्ही. शेनी' असे माणसाचे नाव दिले. 'मार्कोव्ह चेन' या संज्ञेवरील तो श्लेष होता. हा शेनी यूजनेटच्या एका गटात इतरांच्याच पत्रांतील शब्द जुळवून पत्रे लिहीत असे, आणि काही वाचक त्याला खरा माणूस समजून उत्तरे देत असत.

या पार्श्वभूमीवर १९९६च्या शीर्षकातील 'मार्कोव्हियन' हा शब्द पाहिला की उलगडा झाल्यासारखे वाटते. पुष्कळांनी तसे मानलेही आहे. परंतु संहिता नीट पाहिली असता ही उपपत्ती टिकत नाही. शब्दांच्या मार्कोव्ह साखळीतून आलेल्या मजकुरात लगतच्या दोन-तीन शब्दांचे सांधे व्याकरणशुद्ध असतात. नामाआधी उपपद येते, क्रियापदामागे शब्दयोगी अव्यय येते. शेनीच्या पत्रांत ते होते. या शब्दावळीत ते जवळजवळ नाहीतच. भाषेत सर्वाधिक येणारे लहानसहान शब्द येथे दुर्मिळ आहेत आणि कोशातील विरळ शब्द ठासून भरलेले आहेत. एखाद्या शब्दयादीतून सरसकट उचल केल्यावर जे हाती येईल, तसे हे दिसते. म्हणजे शीर्षक देहाचे वर्णन करीत नाही. शीर्षकाचे तीन शब्दही त्याच पोतडीतून निघाले असण्याचा संभव आहे. 'मार्कोव्हियन' हा शब्द योगायोगाने आला आणि त्याला अभ्यासकांनी किल्ली मानले, असे घडले असल्यास समीक्षेने त्यातून धडा घ्यावा असे ते आहे.

४

२००२ सालानंतर अशा शब्दावळी अपवाद राहिल्या नाहीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने स्पॅम ओळखण्याची एक योजना मांडली. अशा प्रकारचे प्रयत्न १९९८पासून चालू होते. या निबंधाने त्यांना प्रसार मिळाला. नको असलेल्या आणि हव्या असलेल्या पत्रांतील प्रत्येक शब्दाची वारंवारता मोजावी, आणि नव्या पत्रातील शब्दांवरून ते कोणत्या वर्गात पडण्याची शक्यता अधिक आहे हे ठरवावे, अशी ती योजना. येथे पत्राचा अर्थ कोणी पाहत नाही. प्रत्येक शब्दाला पूर्वचारित्र्य असते आणि त्यावरून निवाडा होतो.

चाळणी शब्द मोजते, तर तिला शब्द द्यावेत, असा प्रतिडाव विक्रेत्यांनी केला. औषधाच्या जाहिरातीखाली निरपराध शब्दांचा ढीग ओतला जाऊ लागला. कधी ते शब्द कोशातून उचललेले असत. कधी प्रताधिकार संपलेल्या जुन्या कादंबऱ्यांतील परिच्छेद असत. कधी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत छापून ते मानवी डोळ्यापासून लपविलेले असत. २००३-०४च्या सुमारास प्रस्तुत लेखकाच्या टपालपेटीतही अशी पत्रे येत. त्यांतील एक आठवते. वरच्या दोन ओळींत घड्याळाची जाहिरात होती आणि खाली एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीतील, धुक्याचे आणि घोडागाडीचे वर्णन करणारा अर्धा परिच्छेद होता. घड्याळ विसरले गेले. धुके लक्षात राहिले.

या पांढऱ्या अक्षरांतील मजकुराचा उद्दिष्ट वाचक माणूस नव्हता. आजवरच्या साहित्यविचाराने लेखक, संहिता आणि वाचक हा त्रिकोण गृहीत धरला. त्यातील लेखकाचे महत्त्व बार्थने १९६०च्या दशकाअखेरीस नाकारले, ते वाचकाच्या बाजूने. परंतु वाचकाच्या जागी मोजणी करणारे यंत्र असेल आणि त्या यंत्राला उद्देशूनच संहिता रचलेली असेल, ही शक्यता त्या वादात कोणाच्या मनात आलेली दिसत नाही. या शब्दावळींना अर्थ नाही. प्रयोजन मात्र आहे आणि ते अगदी काटेकोर आहे. द्वारपालाची नजर चुकविणे, हे ते प्रयोजन होय. साखळीपत्रांशी तुलना केल्यास हे स्पष्ट होईल. 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, न पाठविल्यास अनिष्ट घडेल' अशा आशयाची पोस्टकार्डे महाराष्ट्रात अनेकांच्या घरी आलेली असतील. तीही प्रसारासाठीच लिहिलेली असत, परंतु त्यांचा प्रसार माणसाच्या भीतीतून आणि श्रद्धेतून होई. म्हणून त्यांना अर्थ असणे भागच होते. द्वारपाल यंत्र झाल्यावर ती गरज संपली.

५

अर्थ आणि हेतू यांच्या संबंधाचा प्रश्न स्टीव्हन नॅप आणि वॉल्टर बेन मायकल्स यांनी १९८२ साली 'क्रिटिकल इन्क्वायरी'मधील त्यांच्या बहुचर्चित लेखात एका कल्पित प्रसंगाने मांडला. समुद्रकिनाऱ्यावर वर्ड्सवर्थच्या कवितेतील ओळी उमटलेल्या दिसतात. लाट येऊन मागे सरते आणि खाली पुढचे कडवे उमटलेले असते. लाटेला हेतू नाही हे मान्य केले की त्या खुणा शब्द राहत नाहीत, केवळ शब्दांसारख्या दिसतात, असा त्यांचा निष्कर्ष. अर्थ म्हणजेच लेखकाचा हेतू, दोन्ही एकच.

आपल्या शब्दावळी या युक्तिवादाची अडचण करतात. त्या लाटेने लिहिलेल्या नाहीत. त्यांच्यामागे माणूस आहे, त्याचा हेतू आहे, त्या हेतूसाठी त्याने खर्चही केलेला आहे. फक्त तो हेतू काही म्हणण्याचा नाही. म्हणजे हेतू आहे आणि अर्थ नाही, अशी तिसरी स्थिती येथे प्रत्यक्ष आढळते. अर्थ व हेतू एकच असते तर ती संभवलीच नसती. न्यायपरंपरेतील 'तात्पर्य' ही संज्ञा येथे अधिक नेमकी ठरते. तात्पर्य म्हणजे वक्त्याची एखादा अर्थ कळविण्याची इच्छा. वक्त्याची कोणतीही इच्छा नव्हे. या शब्दावळींत वक्त्याची इच्छा आहे, तात्पर्य नाही.

मग वाचक त्यात अर्थ का शोधतो? लक्षणेची प्रक्रिया आठवली तर याचे उत्तर मिळते. मुख्यार्थाचा बाध झाला की आपण त्याच्याशी संबद्ध असा दुसरा अर्थ शोधतो, आणि त्या शोधाला रूढी किंवा प्रयोजन यांचा आधार लागतो. 'मार्कोव्हियन पॅरलॅक्स डेनिग्रेट' वाचताना मुख्यार्थाचा बाध तत्काळ होतो. रूढीचा आधार नसतो. म्हणून वाचक प्रयोजनाकडे वळतो, आणि एवढे शेकडो संदेश कोणी पाठविले त्या अर्थी प्रयोजन असलेच पाहिजे, असे योग्य अनुमान करतो. त्याची चूक पुढच्या पायरीवर होते. ते प्रयोजन आपल्याशी बोलण्याचे आहे असे तो धरून चालतो. पत्र दुसऱ्याच्या नावे आलेले असावे, आणि ते आपल्या हाती पडले म्हणून आपण त्यातील प्रत्येक शब्द स्वतःला लावून पाहावा, तसा हा प्रकार आहे.

याचा कलेने फायदा घेतला नसता तरच नवल. वृत्तपत्रातील शब्द कापून पिशवीत घालावेत आणि हाताला येतील तसे मांडून कविता करावी, असे त्रिस्तान त्झाराने १९२० साली उपहासाने सुचविले होते. १९५९पासून ब्रायन गायसिन व विल्यम बरोज यांनी कात्रणांचे तंत्र गंभीरपणे राबविले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत 'फ्लार्फ' नावाने ओळखल्या गेलेल्या कवींनी इंटरनेटवरील शोधांतून हाती आलेला गाळ कवितेत आणला, आणि इतर काहींनी स्पॅमच्या शीर्षकांतून कविता जुळविल्या. यांतील काही रचना खरोखर वाचनीय आहेत. मात्र त्यांचे आणि मूळ शब्दावळीचे नाते नीट समजून घेतले पाहिजे. कवीने ओळ निवडली, तिला कडव्यात स्थान दिले, खाली आपले नाव लिहिले की तिला तात्पर्य प्राप्त होते. शब्द तेच राहतात, वक्ता बदलतो. स्पॅममध्ये 'नकळत कविता' असते असे जे म्हटले जाते, त्यात वाचकाच्या निवडीचे श्रेय यंत्राला दिले जाते.

६

इथपर्यंतचा इतिहास काहीसा मौजेचा वाटेल. पुढील टप्पा तसा नाही.

२०२१ साली गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी वैज्ञानिक नियतकालिकांत आढळलेल्या विचित्र शब्दप्रयोगांची नोंद केली आणि त्यांना 'छळलेले शब्दप्रयोग' असे नाव दिले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट जाणीव. 'बिग डेटा'च्या जागी 'कोलॉसल इन्फर्मेशन', म्हणजे प्रचंड माहिती. स्तनाच्या कर्करोगाच्या जागी 'बूझम पेरिल', म्हणजे वक्षसंकट. हे कोणा कल्पक लेखकाचे शब्दवैचित्र्य नव्हे. दुसऱ्याचा मजकूर उचलून, तो पर्यायी शब्द घालणाऱ्या संगणकीय साधनातून काढून, आपला म्हणून छापण्याचा हा परिणाम आहे. वाङ्मयचौर्य पकडणारी यंत्रणा जुळणारे शब्द शोधते, म्हणून शब्द बदलले. पारिभाषिक संज्ञेचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला समानार्थी शब्द दिला की संज्ञा मरते, कारण रूढीने जुळलेला अर्थ अवयवांतून पुन्हा मिळत नाही. 'पंकज'ऐवजी 'चिखलोत्पन्न' म्हटल्याने कमळाचा बोध होत नाही, हे आपल्या व्याकरणपरंपरेला कधीच ठाऊक होते. येथेही रचना द्वारपालासाठी आहे. फरक एवढाच की हा द्वारपाल विद्येच्या दारात उभा आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' असा शब्दप्रयोग काही शोधनिबंधांत आढळू लागला. अशी कोणतीही सूक्ष्मदर्शनपद्धती अस्तित्वात नाही. जीवाणूशास्त्रात 'व्हेजिटेटिव्ह' हे विशेषण बीजाणू-अवस्थेत नसलेल्या, वाढत्या पेशीला लागते. शोध घेता असे दिसले की १९५९ सालच्या एका जीवाणूविषयक लेखाचे पान दोन स्तंभांत छापलेले होते. यंत्राने ते पान वाचताना डाव्या स्तंभातील 'व्हेजिटेटिव्ह' आणि उजव्या स्तंभातील 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' एका ओळीत आणले. अनेक दशकांनंतर, २०१७ आणि २०१९ साली, इराणमधील काही निबंधांत हाच प्रयोग अवतरला. त्याचे कारण वेगळे असावे : फार्सीत 'रूबशी' म्हणजे क्रमवीक्षण करणारे आणि 'रूयशी' म्हणजे वाढीचे, शाकीय, या दोन शब्दांच्या लेखनात एका टिंबाचा फरक आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत हा प्रयोग वीसहून अधिक निबंधांत सापडला. मजकूर निर्माण करणाऱ्या भाषिक यंत्रांपैकी काही यंत्रे योग्य संदर्भ दिल्यावर नेमका हाच चुकीचा शब्द पुढे करतात, असेही त्यात आढळले. इंटरनेटवरील मजकुराच्या ज्या प्रचंड साठ्यांतून ती यंत्रे घडविली जातात, त्या साठ्यांत ही चूक मुरून बसली आहे.

चिता आणि चिंता यांत एका टिंबाचेच अंतर आहे, हे सुभाषित आपण लहानपणी ऐकलेले असते. लेखनिकाच्या हातून अनुस्वार सुटणे, ओळ गळणे, समासातील टीप मजकुरात शिरणे, हे प्रकार पोथ्यांच्या अभ्यासकाला नवे नाहीत. कोशांतही अस्तित्वात नसलेले शब्द शिरले आहेत. वेबस्टरच्या १९३४च्या इंग्रजी कोशात 'डोर्ड' असा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला होता. वस्तुतः ती 'डी' या अक्षराच्या मोठ्या वा लहान रूपाचा पर्याय सांगणारी चिठ्ठी होती. १९३९ साली एका संपादकाला त्या शब्दाची व्युत्पत्ती सापडेना, तेव्हा ती चूक उघड झाली. त्या वेळी चूक एका पुस्तकात होती आणि ती शोधणारा माणूस त्याच कचेरीत बसलेला होता. आजच्या चुकीला असे एक ठिकाण नाही. शिवाय १९९६ची शब्दावळ निदान आपला विक्षिप्तपणा लपवीत नव्हती. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' ही शब्दावळ आकांक्षा, संनिधी आणि व्याकरण सांभाळून येते. तिच्यात फक्त योग्यता नाही, आणि ती नाही हे त्या विषयाच्या जाणत्यालाच कळते. अपार्थकाने सार्थकाचा वेष घेतला आहे.

७

या इतिहासातून आपल्या अभ्यासक्षेत्रासाठी काय निष्पन्न होते?

प्रथम, गूढ हा पुष्कळदा संहितेचा गुण नसून संग्रहाचा दोष असतो. १९९६च्या शेकडो संदेशांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत. यूजनेटच्या जुन्या पत्रांचा संग्रह आधी डेजान्यूजकडे होता आणि २००१ साली तो गूगलकडे गेला. अशा संग्रहांत जे आले नाही ते गेले. ते सगळे संदेश हाती असते तर त्यांतील शब्दांची पुनरावृत्ती, क्रम आणि भेद मांडून मूळ शब्दयादीचा आणि रचनेच्या पद्धतीचा माग काढता आला असता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे. एकाच पोथीवरून पाठनिर्णय होत नाही, हे सुखटणकरांच्या परंपरेतील कोणीही सांगेल. 'मार्कोव्हियन पॅरलॅक्स डेनिग्रेट'चे अर्थ लावू पाहणारे बहुसंख्य लोक एका पोथीवर भाष्य लिहीत होते.

दुसरे, पाठचिकित्सा हा प्राचीन वाङ्मयापुरता विषय राहिलेला नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती अबद्ध झालेली संहिता त्यांना सोसवली नाही म्हणून. आपल्या विद्यापीठांत मात्र पाठचिकित्सेची अभ्यासपत्रिका जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांसाठी उरली, आणि आधुनिक साहित्याच्या अभ्यासकाने छापील संहिता निश्चित म्हणून स्वीकारली. ही निश्चिती आता गृहीत धरता येत नाही. छापील पुस्तक यंत्राने वाचून संगणकावर चढविले की तेथे नवा लेखनिक काम करू लागतो. त्याच्या चुका माणसाच्या चुकांपेक्षा वेगळ्या जातीच्या असतात आणि त्यांच्या वंशावळी कोणीतरी मांडाव्या लागतील.

मराठीच्या दृष्टीने ही बाब अधिक गंभीर आहे. इंग्रजीच्या तुलनेने मराठीचा संगणकीय संहितासाठा लहान आहे. मोठ्या साठ्यात बुडून जाणारी चूक लहान साठ्यात वजनदार ठरते. देवनागरीतील अनुस्वार, जोडाक्षरे, जुन्या छपाईतील तुटलेले टाइप, नियतकालिकांतील दोन-दोन स्तंभांची पाने हे सारे यंत्राला चकविणारे आहे. उद्या एखादे शतकापूर्वीचे मराठी मासिक घाईने संगणकावर चढविले गेले, त्यातील दोन स्तंभांच्या सांध्यातून एखादी संज्ञा जन्मली, यंत्राने ती उचलली आणि एखाद्या प्रबंधात ती अवतरणचिन्हांशिवाय अवतरली, तर तिला हटकणारा वाचक कोण असेल? 'डोर्ड'ला हटकणारा संपादक व्युत्पत्ती शोधत होता म्हणून त्याला शंका आली. शंका येण्यासाठी वाचावे लागते आणि विषय यावा लागतो.

अर्थहीन शब्दावळींचा हा इतिहास अशा प्रकारे वाचकाच्या जबाबदारीपाशी येऊन थांबतो. १९९६च्या वाचकाने नसलेला अर्थ शोधण्याची चूक केली; त्या चुकीत निदान वाचण्याची आस्था होती. आजच्या निबंधांत 'बनावट जाणीव' छापून येते, तेव्हा लेखक, परीक्षक आणि संपादक यांपैकी कोणीही ते वाक्य वाचलेले नसते. या दोहोंत कोणती चूक अधिक घातक, याचा निर्णय कठीण नाही. न्यायशास्त्राने अपार्थक बोलणाऱ्याला वादात पराभूत मानले, ते सभेत ऐकणारे कोणीतरी आहे या विश्वासावर. ती सभा भरलेली ठेवणे हे काम अखेर अभ्यासकांनाच करावे लागेल.